टाकीकडे तोंड करून

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला असशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतोय, पण तो गेली दहा वर्षं दुखतोय आणि त्याने तिच्या जिभेला काही फरक पडलेला नाही. फोन का नाही केला, असं तुला वाटेल. केला होता की. गेल्या तीन आठवड्यांत तीनदा केला. तिन्ही वेळा तू उचललास आणि तिन्ही वेळा मी 'जेवलास का' एवढं विचारून फोन वहिनीच्या हातात दिला. या तोंडाने मी जन्मभर तुझ्यावर ओरडलो, आता त्याला दुसरं काही बोलायला सांगितलं तर जमत नाही. म्हणून आज रविवार धरून बसलोय. वहिनी तिच्या बहिणीकडे गेली आहे, संध्याकाळपर्यंत येत नाही. जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून कागद पसरलाय आणि चष्मा दोनदा पुसून झालाय.

त्या अपघाताबद्दल लिहायचंय. सहा वर्षं झाली. त्यापायी तुझं लायसन्स गेलं, आठ महिने तू तुरुंगात काढलेस, आणि सुटल्यावर घरी चार दिवस राहून जो निघालास तो त्या शीतगृहाच्या फाटकावर खुर्ची टाकून बसलास. आपल्या यार्डात लांबलचक ट्रेलर एका दमात मागे लावणारा तू एकटा होतास, आणि आता तू दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी फाटकाचा दांडा वर-खाली करतोस. मी तिकडे एकदाच आलो होतो, आठवतं? दहा मिनिटं थांबलो आणि बस चुकेल म्हणून निघालो. बस दोन तासांनी होती. तू म्हणशील, दादा, शिळ्या कढीला ऊत कशाला आणतोस. आणतो, कारण त्या दिवसाबद्दल लोकांना जे ठाऊक आहे ते खरं नाही, आणि ते खोटं माझं आहे. हे एक वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागला. आता लिहिलंच आहे, तर तू कागद खाली ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझं सगळं झालं त्याच वर्षी मी स्टिअरिंग सोडलं. लोकांना वाटलं भावाच्या दुःखाने सोडलं. मी त्यांना तसं वाटू दिलं. मालकांना म्हटलं, मला यार्डातच ठेवा, ट्रेलरचे दिवे बघतो. तेव्हापासून मी दिवेच बघतो. बेचाळीस ट्रेलर झालेत आता. सकाळी सातला पत्र्याच्या शेडमध्ये जातो, स्टूल उचलतो आणि ज्याची तक्रार असेल त्याच्या मागे जाऊन बसतो. काचेचे स्क्रू गंजून घट्ट झालेले असतात. त्यांना तेल सोडून चहा पिऊन यायचं, मग ते ऐकतात. घाईने पिळले की डोकं तुटतं आणि अख्खी दुपार त्यात जाते. काच काढली की आत पाणी, चिखल, एकदा तर कोळ्याचा भरलेला संसार होता. बल्ब दाबून फिरवून काढायचा आणि उजेडाकडे धरून आतल्या दोन तारा बघायच्या. बारीक तारेवर मागचा मंद दिवा चालतो. जाड तार फक्त ब्रेक दाबला की पेटते. लोक मंद दिवा बघतात आणि म्हणतात, चालू आहे की. अरे बाबा, तो चालू आहे, पण 'मी थांबतोय' हे मागच्याला सांगणारा वेगळा! प्रत्येक नव्या ड्रायव्हरला मी हे ऐकवतो. ते मान डोलावतात आणि बाहेर जाऊन माझी नक्कल करतात. मला दिवेकाका म्हणतात. त्यातला एक आगाऊ परवा म्हणाला की काकांनी आयुष्यात काय दिवे लावलेत ते आम्ही रोज डोळ्यांनी बघतोय. सगळे हसले, मीही हसलो. त्याला काय माहीत.

आणखी एक खूळ घेतलंय मी. प्रत्येक ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या सीटमागे एक हुक ठोकून घेतलाय आणि त्याला जाड कापडाची पिशवी. पिशवीत पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, दहा-बाराचा पाना, टेस्टर, दोन्ही तारांचे चार बल्ब, फ्यूज, हातभर वायर, चिकटपट्टी आणि प्लगच्या पिना घासायला पॉलिश पेपर. फाटकातून गाडी निघायच्या आधी मी पिशवी उघडून बघतो. नुसती हाताने चाचपून नाही, उघडून. एका बहाद्दराने हत्यारं घरी नेली होती आणि वजन लागावं म्हणून पिशवीत स्वतःचे जुने बूट कोंबले होते. त्याला मी असा झापला की कॅन्टीनवाला चहाची किटली घेऊन अर्ध्या वाटेतून परत फिरला. गाडी दोन तास उशिरा निघाली, मालकही चिडले, पण मी काही सोडली नाही. ते म्हणाले, एवढं काय आहे त्या पिशवीत? मी म्हटलं, सगळं आहे. आणि पिशवी परत हुकाला अडकवली.

बाबांची हत्यारांची हिरवी पेटी तुला आठवत असेलच. न आठवायला काय झालं. बाबा गेल्यावर ठरलं होतं की ज्याचा पल्ला लांबचा त्याच्या गाडीत पेटी. त्यामुळे ती बहुतेक तुझ्याच गाडीत असायची, आणि खरं सांगू, ते मला खुपायचं. थोरला मी, आणि बाबांची पेटी तुझ्या सीटखाली. आदल्या संध्याकाळी तू फेरीवरून परत आलास. मी काही काम नसताना पेटी उघडली आणि बघतो तर बाबांची लाल मुठीची पक्कड नाही. तू सरळ सांगितलंस की वाटेत एकाची गाडी बंद पडली होती, त्याला दिली, आणि तो घेऊन गेला. बस. मला निमित्तच हवं होतं. शेडमध्ये आठ-दहा माणसं होती, त्यांच्यासमोर मी म्हणालो की ज्याला बापाची पक्कड सांभाळता येत नाही त्याने बापाची पेटी वागवू नये. पेटी काखेत मारून घरी निघालो. तू माझ्यामागे फाटकापर्यंत आलास. उद्या पहाटे लांब जायचंय, पेटी ने, पण टेस्टर आणि चार बल्ब तरी राहू दे, एवढंच म्हणालास. मी म्हटलं, विकत घे. दुकानं तेव्हा बंद झाली होती, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

सकाळी सहाला तुझी गाडी निघायची होती. ट्रेलर पाण्याच्या टाकीजवळ लावलेला. ती मोठी लोखंडी टाकी, जी कधीची गळकी म्हणून रिकामी करून ठेवली होती. आपल्या यार्डाची रीत तुला मी काय सांगू, पण या सहा वर्षांत किती गोष्टी विसरल्यास ते मला माहीत नाही, म्हणून लिहितो. ब्रेकचा दिवा एकट्याने बघता येत नाही. एकाने केबिनमध्ये बसून दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. प्रत्येक दिव्याला ड्रायव्हर हॉर्नचा हलका टोला देतो आणि मागचा ओरडतो, 'दिसला'. मागचा मंद, वळायचा डावा, वळायचा उजवा, ब्रेक, चार वेळा. 'ठीक आहे' म्हणायचं नाही, 'हो हो' म्हणायचं नाही. बाबांच्या वेळेपासून एकच शब्द, कारण तो बघितल्याशिवाय तोंडातून निघू नये. त्या सकाळी तू केबिनमधून वाकून विचारलंस की दादा, जरा मागे उभा राहतोस का. मी उभा राहिलो. पण रात्रीचा राग पोटात तसाच होता. मी ट्रेलरकडे पाठ केली आणि टाकीकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभा राहिलो. तुझा हॉर्न वाजला, मी म्हटलं दिसला. वाजला, दिसला. वाजला, दिसला. वाजला, दिसला. चार दिव्यांतला एकही मी पाहिला नाही. मग तू एक वेगळीच गोष्ट केलीस. ब्रेकसाठी हॉर्न पुन्हा एकदा वाजवलास. मला वाटलं तू मला डिवचतोयस. मी तसाच टाकीकडे बघत खेकसलो, दिसला म्हटलं ना! तू गाडी काढलीस. नीट जा, असंसुद्धा मी म्हणालो नाही.

दुपारी चारच्या सुमाराला त्या उतारावर धुळीचा लोट उठला आणि पुढे रस्त्याचं काम करणाऱ्या माणसाने लाल फडकं दाखवलं. तू ब्रेक दाबलास. गाडी जागच्या जागी थांबली, तुझं ब्रेकिंग नेहमीच चोख होतं. मागून स्कूटरवर शाळेतले चित्रकलेचे मास्तर येत होते. त्यांना धुळीत मंद दिवे दिसत होते, पण ते थांबलेत हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मुलांच्या चित्रांची गुंडाळी पायाशी उभी धरून ते घरी चालले होते. रस्ताभर उडालेली ती चित्रं तू पोलीस येईपर्यंत गोळा करत होतास, हे मला तुझ्या वहिनीकडून कळलं. तू तिला सांगितलंस, मला नाही. मास्तर सहाव्या दिवशी गेले.

चौकशीत पहिला प्रश्न मलाच आला. निघताना दिवे कोणी तपासले? मालक बसले होते, यार्डातली माणसं बसली होती. मी ताठ मानेने सांगितलं की मी स्वतः मागे उभा राहून, डोळ्यांनी बघून तपासले, चारही लागत होते. पुढे कोर्टातही तेच सांगितलं, शपथेवर. मी असं म्हटल्यावर एकच अर्थ उरला, की दिवा वाटेत गेला. मग सगळं तुझ्यावर आलं. जेवायला थांबलास तेव्हा दिवे का नाही बघितले? गाडीत बल्ब, टेस्टर, हत्यारं का नव्हती? तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. आणि म्हणालास की पेटी घरी विसरलो. माझ्या पायाखालची जमीन तिथेच सरकायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मग कोर्टात न्यायाधीश साहेबांनी तुला विचारलं की दिव्यांबद्दल तुमचे भाऊ सांगतात ते बरोबर आहे का. तू खाली बघत म्हणालास, "दादा म्हणतो ते खरं."

एवढं होऊन मी सहा वर्षं जगलो कसा, असं कोणी विचारलं तर त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. मी स्वतःला सांगायचो की आपण बघितलं नाही, हे खरं, पण म्हणून दिवा बंदच होता असं थोडंच आहे? लागतही असेल. वाटेत गेला असेल. कोणाला ठाऊक? आणि धाकट्याला तरी कुठे ठाऊक आहे की मी बघितलं नाही, त्याला वाटतं आपलं नशीबच फुटकं. पेटीचं पाप माझं, ते त्याने झाकलं, दिव्याचं कोणाचंच नाही. असा हिशेब बसवून मी झोपायचो. पण दिव्यांचं काम माझ्या मानगुटीवर बसलं. ट्रक आणि ट्रेलर जोडणारा जो प्लग असतो, त्याची ब्रेकची पिन त्या दिवशीच्या पुराव्यात कागदाच्या पाकिटात ठेवली होती. मी ती टेबलावर बघितली होती, हिरवट, निम्मी खाल्लेली. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. आता मी असे तीन-चारशे प्लग उघडलेत. पितळेची पिन इतकी हिरवी व्हायला महिने लागतात, धाकट्या. एका दिवसात, सकाळी सहा ते दुपारी चारमध्ये, ती तशी होत नाही. त्या पहाटे मी नुसती मान वळवली असती तर दोन्ही बाजूंचे ब्रेकचे दिवे मेलेले दिसले असते, आणि मी कितीही रागात असलो तरी तुला तसं जाऊ दिलं नसतं. एवढं तरी माझ्याबद्दल खरं मान. हे मला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. तरीही मी बोललो नाही. भित्रा माणूस ओरडतो जास्त, हे वहिनी मला फार आधीपासून सांगत आली आहे.

आता तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. यार्डात एक नवीन वायरमन आलाय, माझ्याच वयाचा, तीन लेकींचा बाप, हाताने हुशार पण अर्धं लक्ष कायम मोबाइलमध्ये. त्या दिवशी ट्रेलर टाकीजवळ लागला होता. टाकी अजून तशीच रिकामी आहे, विकायची म्हणतात आणि राहून जातं. माझी पाठ धरली होती म्हणून मी केबिनमध्ये चढलो आणि त्याला मागे पाठवलं. मी दाबतोय, हॉर्न वाजवतोय आणि तो मागून ओरडतोय, दिसला. पहिले दोन नीट आले. तिसरा आला तो वेगळाच. घुमून आला, रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. चौथाही तसाच. मला केबिनमध्ये बसल्या बसल्या कळलं की या माणसाचं तोंड टाकीकडे आहे. खाली उतरून गेलो तर खरंच, महाराज टाकीकडे तोंड करून मोबाइल वाचत उभे. मी त्याच्यावर तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. मग मी त्याला म्हटलं, इकडे बघून ओरड. आता टाकीकडे बघून ओरड. परत इकडे. पाठदुखी विसरून मी पळत जाऊन केबिनमध्ये बसायचो आणि ऐकायचो. दहा-बारा वेळा केलं. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. फरक इतका स्पष्ट आहे की एका कानाने कमी ऐकणाऱ्यालाही कळेल. मी कधी टाकीजवळ ट्रक लावलाच नव्हता, माझी जागा नेहमी कमानीशी, म्हणून मला आयुष्यभर कळलं नाही. तू मात्र चार वर्षं तिथेच लावत होतास.

म्हणजे तू ऐकलंस. चारही वेळा माझा आवाज टाकीतून घुमून आला आणि तू ओळखलंस की दादा बघत नाहीये. म्हणून तू ब्रेकचा हॉर्न दुसऱ्यांदा वाजवलास. डिवचत नव्हतास. मला वळायला आणखी एक संधी देत होतास. आणि मी काय केलं ते वर लिहिलंच आहे. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. कोर्टात तू खाली बघत जे बोललास ते सगळं ठाऊक असून बोललास. तुरुंगात मी भेटायला यायचो आणि तुलाच उपदेश करायचो, की माणसाने हत्यारं सोबत ठेवावीत, धडा घ्यावा. तू ऐकून घ्यायचास. अरे, एकदा तरी थोबाडीत मारायची होतीस.

मला माहीत आहे तू आता काय म्हणशील. तुला लहानपणापासून ओळखतो. तू म्हणशील, मला कळलं होतं की दिवे बघितलेले नाहीत, तरी मी गाडी काढली, म्हणजे चूक माझीच. गेली सहा वर्षं तू त्या खुर्चीत बसून हेच घोकतोयस, हे मला आता समजतंय. तुझा त्यात वाटा नाही असं मी म्हणणार नाही, तुला ते पटायचंही नाही. खाली उतरून 'दादा, परत बघ' एवढं म्हणायला हवं होतंस. पण मला असं म्हणायची कोणाची छाती होती? घरात नाही, यार्डात नाही. आदल्या संध्याकाळी आठ-दहा माणसांसमोर मी तुझी शोभा केली होती, सकाळी आणखी तमाशा नको म्हणून तू गप्प बसलास. माझा धाक एवढा, की धडधडीत चुकत असताना माझा सख्खा भाऊ मला चुकतोस म्हणू शकला नाही. मी त्याला मान समजायचो. थोरल्याचा मान. त्या मानापायी एक माणूस जिवानिशी गेला आणि तू जिवंतपणी संपलास.

गेल्या मंगळवारी मी मास्तरांच्या घरी गेलो. दुसरा मजला, अरुंद जिना, दारावर अजून त्यांच्याच हाताने रंगवलेली नावाची पाटी आहे. त्यांच्या पत्नी शिवणकाम करतात. मशीनवर अर्धा कुर्ता तसाच ठेवून त्यांनी माझं सगळं ऐकलं. मी काही लपवलं नाही, पक्कड, पेटी, टाकी, सगळं सांगितलं. बराच वेळ त्या सुईत दोरा ओवत राहिल्या, आणि दोरा ओवलेलाच होता. मग त्यांनी मला विचारलं, "वळून बघायला किती वेळ लागला असता?" मी म्हटलं, "चार श्वास. जास्त नाही." त्या रडल्या नाहीत, मला शिव्याही दिल्या नाहीत. मी माफी मागितली नाही, तेवढी लाज शिल्लक होती, आणि त्यांनी माफी दिलीही नाही. उठताना त्यांनी तुझं सांगितलं. तू सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या दारात गेला होतास, ती मुलांची चित्रं पुसून, सरळ करून, नीट गुंडाळून. चूक माझी आहे, एवढं बोललास, आणि त्यांनी गुंडाळी घेऊन दार लावलं. हे तू आम्हाला कोणालाच सांगितलं नाहीस. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, तेवढं त्यांना कळवा." म्हणून कळवतोय.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. परवा, शुक्रवारी, मी वकीलबाईंना घेऊन कोर्टात गेलो आणि लेखी जबाब दिला. दिवे मी बघितले नव्हते, शपथेवर खोटं बोललो, आणि हत्यारांची पेटी तू विसरला नव्हतास, मी काढून नेली होती. खाली सही केली. वकीलबाई म्हणतात की तुझं प्रकरण पुन्हा उघडेल, लायसन्सचंही बघता येईल, आणि माझ्यावर खोट्या साक्षीचा खटला होईल. होऊ दे. वहिनीला मंगळवारीच सगळं सांगितलंय. तिने तिसऱ्या दिवशी माझे दोन शर्ट इस्त्री करून ठेवले. महिन्याभरात तुला बोलावणं येईल. तुला ओळखतो म्हणूनच हे पत्र त्याच्या आधी पोचायला हवं. तू तिथे उभा राहून सांगशील की दादाचं वय झालंय, भावाच्या मायेने काहीतरी बोलतोय, पेटी मीच विसरलो. असं करू नकोस. तू मला एकदा वाचवलंस, त्याने आपण दोघेही बुडालो. साहेब विचारतील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, खालीही बघू नकोस. तू टाकीतून जे ऐकलंस ते सांग. सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हण की दादाने बघितलं नाही. मी समोरच बसलेला असेन, आणि या वेळी ओरडणार नाही.

तुझाच,
दादा